पाठ करूनही परत चुकणाऱ्या इंग्रजी जोड्या: चूक नेमकी कुठं होते आणि ती कशी मोडायची

दहावी-बारावीच्या उत्तरपत्रिका, नोकरीचे अर्ज, दुकानांच्या पाट्या, शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या सूचना, कुठंही बघा, इंग्रजीतल्या ठरावीक जोड्याच सारख्या चुकतात. ‘तिथं’ या अर्थाचा देअर लिहायचा तर ‘त्यांचा’ या अर्थाचा देअर कागदावर येतो. प्राचार्यांना केलेल्या अर्जाच्या पहिल्याच ओळीत ‘प्रिन्सिपल’चं स्पेलिंग चुकतं आणि त्यांना ‘तत्त्व’ म्हणून संबोधलं जातं. चूक दाखवली की लेकरू लगेच दुरुस्त करतं, पुढच्या आठवड्यात तीच चूक परत हजर. मोबाइलची फारशी मदत होत नाही, कारण दोन्ही शब्द शब्दकोशात आहेत. खाली लाल रेघ येणार तरी कशी?

यावर आपल्याकडं एकच उपाय चालतो: सारख्या उच्चाराच्या शब्दांची यादी करायची आणि ती पाठ करायची. लातूरच्या मोठ्या क्लासेसपासून वाडीवरच्या शाळेपर्यंत हेच. माझ्या मते ही यादीच अडचण वाढवते. दोन शब्द शेजारीशेजारी ठेवून घोकले की ते डोक्यात जोडीनंच बसतात. परीक्षेत एक आठवताना दुसराही आठवतो, आणि कोणतं स्पेलिंग कोणाचं एवढंच नेमकं आठवत नाही. ज्यांना एकमेकांपासून तोडायचं, त्यांचीच आपण गाठ मारून ठेवतो.

शिवाय या सगळ्या चुका एकाच कारणानं होत नाहीत. काही शब्द इंग्रजीत वेगळे ऐकू येतात, पण मराठीत येताना एकसारखे झालेत. काही शब्दांचा उच्चार खुद्द इंग्रजीतच एक आहे. काहींमध्ये उच्चाराचा संबंधच नाही, डोळा फसतो. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

आधी स्वतःच्या चुका गोळा करा

मागच्या चाचणीचे पेपर, निबंधाची वही, मोबाइलवरचे जुने मेसेज काढा आणि फक्त या जातीच्या चुका एका कोऱ्या कागदावर उतरवा. पुस्तकातली यादी लांबलचक असते, पण एका माणसाच्या चुकणाऱ्या जोड्या सहसा मोजक्याच निघतात. प्रत्येक चुकीपुढं स्वतःला विचारा: हा शब्द मी मराठी बोलताना रोज वापरतो का? उत्तर ‘हो’ असेल तर बहुतेक वेळा चुकीचं मूळ आपल्या बोलण्यात सापडतं. ‘नाही’ असेल, तर चांगल्या शब्दकोशाच्या ॲपवर दोन्ही शब्दांचे उच्चार ऐका. दोन्ही हुबेहूब एक आले, तर दोष इंग्रजीच्या स्पेलिंगचा. स्पष्ट वेगळे आले आणि तरीही तुम्ही चुकताय, तर डोळ्याचा.

मराठीत मुरलेले शब्द

सर्वात जास्त चुका इथं होतात आणि सर्वात कमी लक्षही इथंच दिलं जातं.

‘नट लूज झालाय’, ‘लूज मोशन लागलेत’, ‘तेल लूज मिळेल का’ हे आपण रोज बोलतो. इंग्रजीत सैल या अर्थाचा हा शब्द ‘लूस’ आहे, शेवटी स्वच्छ स, स्पेलिंग एल-ओ-ओ-एस-ई. हरणं किंवा हरवणं या अर्थाचा शब्द ‘लूझ’. त्याचं स्पेलिंग एल-ओ-एस-ई, त्यात एकच ओ. मराठीनं सैलाला ‘लूज’ करून टाकलं. मग ‘सामना हरू नका’ असं इंग्रजीत लिहिताना तोंडात ‘लूज’ येतं आणि हात ओळखीचं, दोन ओ असलेलं स्पेलिंग लिहितो. लेकरू निष्काळजी नसतं. ते जे बोलतं तेच प्रामाणिकपणे लिहितं. स्पेलिंग शंभर वेळा लिहून घेतलं तरी उच्चार तसाच राहिला तर चूक परत येणारच.

म्हणून इथं काम तोंडापासून सुरू करायचं. गळ्यावर दोन बोटं ठेवा आणि लांब ‘स्स्स’ म्हणा. बोटांना काही लागत नाही. जीभ आहे तिथंच ठेवून आवाज सुरू करा. गळा थरथरतो आणि भुंग्यासारखा गुणगुणाट येतो. हा ‘लूझ’च्या शेवटचा आवाज. मराठी ‘बाजार’मधल्या ज ला जीभ दातांमागं टेकते, इथं ती टेकत नाही. मराठवाड्यात याची एक सोय आहे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता, कारभार आणि बरंचसं शिक्षण उर्दूतून चालायचं, आणि दख्खनी बोली आजही संभाजीनगर, बीड, परभणी, नांदेडच्या गल्ल्यांत घरोघरी बोलली जाते. तुमचा दख्खनी बोलणारा मित्र ‘ज़मीन’, ‘बाज़ार’ म्हणतो तेव्हा त्याचा ज़ कान देऊन ऐका. इंग्रजीला हवा असलेला आवाज तोच आहे. पुण्याच्या मुलाला जो आवाज व्हिडिओ बघून शिकावा लागतो, तो आपल्या लेकरांच्या कानावर शाळेच्या मधल्या सुट्टीत पडत असतो.

हा एक फरक पक्का झाला की अजून दोन जोड्या सुटतात. किंमत म्हणजे ‘प्राइस’, त्यात सी. बक्षीस म्हणजे ‘प्राइझ’, त्यात झेड. सल्ला म्हणजे ‘ॲडव्हाइस’, त्यात सी; सल्ला देणं म्हणजे ‘ॲडव्हाइझ’, त्यात एस. या शेवटच्या जोडीचा आणखी एक उपयोग आहे. ‘प्रॅक्टिस’ नाम असो की क्रियापद, उच्चार एकच, पण ब्रिटिश पद्धतीत नामाला सी आणि क्रियापदाला एस. तिथं अडलात तर सल्ल्याची जोडी आठवायची: नामात सी, क्रियापदात एस.

वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक जोडी खास महत्त्वाची. प्रवेशाच्या वेळी सगळे ‘काउन्सिलिंग राउंड’ म्हणतात, त्यामुळं लिहितानाही ‘काउन्सिल’च लिहिलं जातं. काउन्सिल म्हणजे परिषद: नगर परिषद, विधान परिषद. तिचं स्पेलिंग सी-आय-एल नं संपतं आणि तिचा सदस्य, म्हणजे नगरसेवक, ‘काउन्सिलर’. समुपदेशनाचा शब्द वेगळा आहे, तो एस-ई-एल नं संपतो, आणि प्रवेशाची प्रक्रिया त्याच्यापासून बनलेली आहे. बोलताना निदान ‘काउन्सेलिंग’ म्हणायची सवय लावा. हातही आपोआप एस-ई-एल कडं वळतो. इंग्रज माणसाच्या तोंडी दोन्ही जवळजवळ सारखेच येतात, तरी आपण आपल्यापुरता फरक करायला काही हरकत नाही.

‘फॉर्म हाऊस’ हेही असंच. शेतातल्या घराला आपल्याकडं सर्रास फॉर्म हाऊस म्हणतात, पाट्यांवरही तेच. शेत म्हणजे ‘फार्म’, त्यात ए. भरायचा तो ‘फॉर्म’, त्यात ओ. बोलणं सुधारलं की स्पेलिंगचा प्रश्नच उरत नाही.

देवनागरीचाही यात थोडा हात आहे. आपली लिपी ऐकू येईल तसं लिहिते, आणि तिच्यात काही इंग्रजी स्वरांना वेगळी जागा आहे, काहींना नाही. ॲ आणि ऑ यांना आहे. 2009 च्या शासन निर्णयानं ते मराठी वर्णमालेतही आले. म्हणून स्वीकारणं म्हणजे ‘ॲक्सेप्ट’ आणि वगळून म्हणजे ‘एक्सेप्ट’ हा फरक आपण वहीत स्पष्ट लिहू शकतो. तुलनेचा ‘दॅन’ आणि ‘मग’ या अर्थाचा ‘देन’ हाही. हा फरक दाखवायची सोय असूनही लेकरं दोन्हीकडं ‘देन’ लिहितात आणि दोन्हीकडं ई टाकतात. इथं शिक्षकांनी हट्ट धरावा. ॲ ऐकू आला तर स्पेलिंगमध्ये ए, हा नियम इतक्या ठिकाणी लागू पडतो की त्यासाठी घेतलेला त्रास वाया जात नाही.

‘सेल’ला मात्र लिपी अपुरी पडते. दुकानात लागतो तो सेल, घड्याळात घालतो तो सेल, विकणं तेही सेल. इंग्रजीत दुकानातल्या सेलमधला ए लांबतो आणि शेवटी इ कडं वळतो, ‘सेइल’सारखा, विकण्यातला आखूड असतो. गाइडमध्ये उच्चार देवनागरीत छापलेले असतात, तिथं दोन्ही ‘सेल’च. त्या छापील उच्चारावर विसंबू नका. आपल्या वहीत आपली खूण करा: लांब ए ला पुढं छोटी इ. पेन आणि ‘पेइन’ म्हणजे दुखणं, पश्चिमेचा ‘वेस्ट’ आणि वाया घालवण्याचा ‘वेइस्ट’, सगळे याच खुणेनं वेगळे होतात. घड्याळातल्या सेलचा आणि विकण्याचा उच्चार मात्र खरोखर एक आहे, म्हणजे ती जोडी पुढच्या प्रकारात जाते.

जिथं इंग्रजीतच उच्चार एक आहे

इथं कितीही स्वच्छ बोललात तरी उपयोग नाही, हे आधी मान्य करा. विल्यम कॅक्स्टननं 1476 मध्ये इंग्लंडमध्ये पहिला छापखाना काढला. छपाईबरोबर स्पेलिंगं हळूहळू ठरत गेली, पण उच्चार बदलतच राहिले. साधारण 1400 ते 1700 या काळात इंग्रजीचे दीर्घ स्वर जागचे हलले. भेटणं आणि मांस या अर्थांचे दोन ‘मीट’ पूर्वी वेगळे ऐकू यायचे. ते एक झाले, स्पेलिंगं मात्र दोन राहिली. रात्र आणि सरदार या अर्थांच्या दोन ‘नाइट’ पैकी दुसऱ्याच्या सुरुवातीचा क पूर्वी बोलला जायचा, आता तो फक्त कागदावर आहे. अशा जोड्यांत कान साक्ष देऊ शकत नाही. प्रत्येक शब्दाला वेगळं घर द्यावं लागतं, आणि ते घर आपल्या रोजच्या व्यवहारातलं असेल तर टिकतं.

‘देअर’पासून सुरुवात करू, कारण सर्वात जास्त तोच चुकतो. मालकीच्या देअरचं स्पेलिंग टी-एच-ई-आय-आर. पहिला टी झाका. उरतं एच-ई-आय-आर, म्हणजे वारस. वडील गेल्यावर तलाठ्याकडं वारस नोंद करायची असते, सातबाऱ्यावर नावं चढवायची असतात, हे आपल्या भागातल्या बहुतेक घरांना माहीत आहे. त्या वारसाचा इंग्रजी शब्द ‘एअर’, त्यातला एच बोलत नाहीत. वारस म्हणजे मालकी, म्हणून ‘त्यांचं’ सांगणारा देअर वारसाच्या स्पेलिंगचा. दुसऱ्या देअरमध्ये, टी-एच-ई-आर-ई मध्ये, टी काढला की ‘इथं’ या अर्थाचा शब्द उरतो: एच-ई-आर-ई. जागा सांगणारे इथं, तिथं, कुठं हे तिन्ही इंग्रजी शब्द याच चार अक्षरांवर संपतात.

एवढं कळूनही एक चूक उरते आणि तिचं कारण मराठी वाक्यात आहे. ‘गावात बारव आहे’ याचं इंग्रजी ‘देअर इज अ स्टेपवेल इन द व्हिलेज’. मराठी वाक्यात ‘तिथं’ कुठंच नाही. लेकरू अर्थ शोधतं, तो सापडत नाही, मग मनाला येईल ते लिहितं. इथं अर्थ शोधू नका, पुढचा शब्द बघा. पुढं इज, आर, वॉज, वेअर असेल तर आर-ई वाला देअर. पुढं एखादी वस्तू, माणूस, शेत, घर असेल तर वारसाचा. ‘ते आहेत’ याचं आखूड रूप तिसरं, त्यात ॲपॉस्ट्रॉफी असते. सोडवून ‘दे आर’ असं वाचून बघा, वाक्य जमलं तरच ते लिहा.

हीच सोडवून वाचायची युक्ती ‘इट्स’ला आणि ‘युअर’ला लागते. मालकी दाखवणाऱ्या ‘हिज’, ‘हर्स’, ‘अवर्स’ यांपैकी कोणालाच ॲपॉस्ट्रॉफी नाही, म्हणून मालकीच्या ‘इट्स’लाही नाही.

‘प्रिन्सिपल’साठी पीक कर्जाचं स्टेटमेंट काढा. त्यावर मुद्दल आणि व्याज वेगळं लिहिलेलं असतं. मुद्दल म्हणजे प्रिन्सिपल, शेवटी पी-ए-एल. कॉलेजचे प्राचार्यही पी-ए-एल. दोन्हीचा अर्थ ‘मुख्य’: कर्जात मुख्य रक्कम, कॉलेजात मुख्य माणूस. तत्त्व या अर्थाचा शब्द पी-एल-ई नं संपतो, आणि नियम या अर्थाचा ‘रूल’ही एल-ई नंच संपतो. पाठ फक्त मुद्दल करा. ते पक्कं असेल तर दुसरं आपोआप कळतं.

‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’ यांचा गोंधळ स्पर्धा परीक्षेच्या मुलांत फार. उच्चार जवळजवळ एक. दुष्काळग्रस्त तालुका म्हणजे ‘ड्राउट-अफेक्टेड’, आणि औषधाचा ‘साइड इफेक्ट’. दोन्ही शब्द आपल्याकडं वर्तमानपत्रं वाचणाऱ्या कोणालाही पाठ आहेत. पहिला क्रियापदाचा, ए नं सुरू. दुसरा नाम, ई नं सुरू. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्यावर दोन वाक्यं लिहून बघा: दुष्काळानं लातूरला ग्रासलं, तिथं ए, दुष्काळाचा परिणाम पाणीपुरवठ्यावर झाला, तिथं ई. ‘घडवून आणणं’ या अर्थानं ई वालाही क्रियापद होतो, पण तो वापर क्वचित येतो. पहिले दोन पक्के होईपर्यंत तिकडं वळूच नका.

बाकीच्या काही जोड्या भराभर सांगतो. वह्या-पेनांची ‘स्टेशनरी’ बेकरीसारखी: बेकरची बेकरी, स्टेशनरची स्टेशनरी, दोन्हीकडं ई-आर-वाय. स्टेशनर म्हणजे पूर्वी एका जागी दुकान मांडून पुस्तकं विकणारा. एका जागी थांबलेलं या अर्थाचा शब्द ए-आर-वाय नं संपतो. गाडीच्या ब्रेकमध्ये ए-के-ई. मोडणं आणि सुट्टी यांचा ब्रेक ‘ब्रेकफास्ट’मधला, ई-ए-के. झाडाचं मूळ आणि गणितातलं वर्गमूळ या दोन्ही ‘रूट’मध्ये दोन ओ, एसटीच्या रूटमध्ये ओ-यू, जो घरातल्या वायफायच्या राऊटरमध्ये उघड ऐकू येतो. हवामानाच्या ‘वेदर’मध्ये ई-ए आहे, उष्णतेच्या ‘हीट’मध्येही ई-ए, ‘की नाही’ या अर्थाचा वेदर व्हॉट, व्हेन, व्हिच या प्रश्नवाल्यांच्या घरचा, म्हणून त्याची सुरुवात डब्ल्यू-एच.

डोळ्याची फसगत

दूध डेअरीच्या पाटीवर रोजनिशी, म्हणजे डायरी, रंगवलेली अनेक गावांत दिसते. ब्यूटी पार्लरच्या पाटीवर ‘एंजल’ म्हणजे परीऐवजी ‘अँगल’ म्हणजे कोन असतो. शांत या अर्थाचा ‘क्वायट’ आणि बराच या अर्थाचा ‘क्वाइट’, ‘कडून’ या अर्थाचा फ्रॉम आणि भरायचा फॉर्म, हे सगळे अक्षरं मागंपुढं झाल्यानं चुकतात. इथं मोठ्यानं बोलणं हाच उपाय. डेअरीत ‘एअर’ ऐकू येतं: ए-आय-आर. डायरी ‘डाय’नं सुरू होते: डी-आय-ए. क्वायटमध्ये शेवटी ‘एट’ वेगळं म्हणा: ई-टी. पाटी रंगवायला देण्याआधी पेंटरला शब्द कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या. तोंडी सांगू नका.

परत येऊ नये म्हणून

जोडीतला एकच शब्द घ्या, जो जास्त लागतो तो. दोन-तीन आठवडे फक्त त्याचीच वाक्यं लिहा. दुसरा शब्द वहीत वेगळ्या पानावर, वेगळ्या दिवशी. दोन्ही एकत्र आणायचे ते सगळ्यात शेवटी, तेही श्रुतलेखनात. शिक्षकांना एक विनंती: श्रुतलेखनात सुटा शब्द सांगू नका. ‘वीक’ म्हटल्यावर आठवडा की अशक्त हे लेकरानं कसं ओळखायचं? पूर्ण वाक्य सांगा. आणि तपासताना चुकीच्या शब्दाशेजारी लाल शाईनं बरोबर शब्द लिहून देऊ नका. शब्दाखाली फक्त रेघ ओढा आणि वर सांगितलेला प्रश्न विचारा, पुढं ‘इज’ आहे की वस्तू आहे. उत्तर त्यानं शोधलं तर ते राहतं.

2000 सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, त्याआधीची पिढी पाचवीत एबीसीडी शिकली. तरी लूज, सेल, ब्रेक, रूट हे शब्द दोन्ही पिढ्यांच्या कानावर शाळेआधीच पडले: गॅरेजमध्ये, किराणा दुकानात, बसस्टँडवर. म्हणून आईवडिलांनी ‘आपल्याला इंग्रजी येत नाही’ म्हणून बाजूला बसायचं कारण नाही. मुद्दल, वारस नोंद, दुष्काळग्रस्त हे शब्द त्यांना लेकरापेक्षा जास्त माहीत आहेत.

मोबाइलवर बोलून टाइप करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की फोन आजूबाजूच्या शब्दांवरून स्पेलिंग निवडतो. पूर्ण वाक्य बोललात तर बहुधा बरोबर येतं, सुटा शब्द बोललात तर तो अंदाज बांधतो. अर्ज पाठवण्याआधी आपल्या कागदावरच्या जोड्या ‘शोधा’ मध्ये टाकून एकेक तपासा.

परीक्षेत वेळ संपत आली आणि शब्द अडला, तर तो वापरायचीच सक्ती नसते. अफेक्ट-इफेक्ट दोन्हींच्या जागी ‘इम्पॅक्ट’ चालतो, तो नामही आहे आणि क्रियापदही. ‘की नाही’च्या वेदरऐवजी बऱ्याच वाक्यांत ‘इफ’ चालतं. स्टेशनरीऐवजी वह्या आणि पेन लिहा.

आणि जे चुकीचं नाही त्याला चूक धरू नका. गाडी चालवायचा परवाना ब्रिटिश पद्धतीत सी-ई नं संपतो, अमेरिकन पद्धतीत एस-ई नं. अमेरिकन माणूस ‘प्रॅक्टिस’ही दोन्ही अर्थांनी सी नंच लिहितो. इंटरनेटवर दोन्ही दिसतील. आपली पाठ्यपुस्तकं आणि आपल्याकडचा मोटार वाहन कायदा ब्रिटिश पद्धतीनं चालतात, तेव्हा वहीत आणि पेपरात तीच एक पद्धत धरा.